तोरण टाइप

एकोणतीस सालची दिवाळी आटोपली आणि रत्नागिरीच्या बाजारपेठेत एका नाटकाची जाहिरात लागली. लोक खेळाची वेळ वाचायची सोडून नुसती अक्षरं बघत उभे राहू लागले. नाटक आपटलं. नायकाचा घसा बसलेला, नायिका झालेल्या बुवांचं पोट सुटलेलं. दुसऱ्याच खेळानंतर कंपनीनं गाशा गुंडाळला. जाहिरात मात्र भिंतीवर राहिली आणि रत्नागिरीकरांना वाद घालायला एक विषय मिळाला. तसा तो त्यांना लागतोच.

अक्षरं चांगली वीतभर उंचीची, लाकडात कोरून छापलेली. रेघ सुरू होताना जाड, मध्ये बारीक होत गेलेली आणि थांबताना पुन्हा टपोरी. पण खरी गंमत होती ती डोक्यावरच्या रेघेत. ती सरळ नव्हतीच. प्रत्येक अक्षरावर ती मध्ये जराशी झुकलेली आणि दोन्ही टोकांना उचललेली होती, त्यामुळे अक्षरं ओळीनं लागली की दारावर तोरण बांधल्यासारखं दिसायचं. हे कशावरून सुचलं असेल? कोर्टातले वकील म्हणाले, जुन्या मोडी कागदांवरून. मांडवी बंदरावरचे तांडेल म्हणाले, वाऱ्यानं फुगलेल्या शिडावरून. कंपनीचा मॅनेजर जाता जाता सांगून गेला की आमच्या बुवांच्या मानेच्या मुरक्यावरून. छापखान्याचे मालक दाजी आठल्ये प्रत्येकाला "अगदी बरोबर ओळखलंत" म्हणायचे, कारण त्यांना एकही गिऱ्हाईक तोडायचं नव्हतं. अक्षरांचं नाव त्यांनी ठेवलं तोरण टाइप.

खरं काय ते धाकू मेस्त्रीला ठाऊक होतं आणि तो गप्प होता. पुढे एकदा तो बोलला, आणि तिथंच सगळं बिनसलं.

धाकू मेस्त्री भाट्याच्या खाडीकाठी शिडाचे मचवे बांधायचा. मचवा तयार झाला की त्याच्या पाठच्या फळीवर नाव आणि नावाशेजारी कमळ कोरायचं, ही त्याची खासियत. दाजींनी मुंबईहून आणलेले मोठे लाकडी टाइप दमट हवेनं फुगून तडकले, तेव्हा ते धोतराचा सोगा सावरत खाडीवर आले आणि म्हणाले, मचव्यावर कोरता तशीच मला अक्षरं कोरून द्या, फक्त उलटी. धाकूनं मान डोलावली. लाकूड कोरणं त्याच्या हातात होतं, पण अक्षर काढणं नव्हतं. मचव्यांची नावंही शाळेतले मास्तर खडूनं काढून द्यायचे आणि हा त्यावरून पटाशी चालवायचा. म्हणून घरी येऊन त्यानं ते काम थोरल्या मुलीपुढे, कमळापुढे ठेवलं.

कमळा माहेरी परत आली होती. नवरा माझगावच्या गोदीत सुतार होता. तापाचं निमित्त झालं आणि गेला. लग्नाआधी कमळाच्या रांगोळीला वाडीत तोड नव्हती. कुणाकडे लग्न निघालं की आधी कमळीला सांगावा जायचा आणि मग वाजंत्रीवाल्यांना. परत आल्यावर तिला रांगोळी काढू नकोस असं कुणी म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही. आईनं, गोदानं, रांगोळीचा डबा माळ्यावर टाकला आणि उंबऱ्यापुढे धाकटी मथुरा वेड्यावाकड्या रेघा ओढू लागली. कमळा विचारलं तेवढं बोलायची, वाढलं तेवढं जेवायची आणि उरलेला वेळ मागच्या पडवीत बसून असायची. त्या पडवीतच धाकूचं घरचं काम चालायचं. तिच्याकडे पाहिलं की तो जोरजोरात करवत चालवू लागायचा.

कागदावर तिनं आधी काढली ती शाळेतल्या पाटीवरची अक्षरं, कडक आणि घाबरलेली. धाकूला ती पसंत पडली नाहीत. मग एका दुपारी तो जेवून पडवीत आला तर कमळा जमिनीवर वाकलेली. शिवणीच्या लाकडाचा पांढुरका भुसा चिमटीत धरून ती सारवलेल्या जमिनीवर अक्षर काढत होती. चिमूट सुटताना भुसा जास्त पडत होता, हात सरकला की रेघ बारीक होत होती आणि थांबला की दाणा पुन्हा जमत होता. डोक्यावर तिनं ती झुकलेली रेघ ओढली. धाकूनं विचारलं, ही अशी वाकडी का?

"तोरण हाय, बाबा," कमळा म्हणाली. "लग्नाघरच्या दारात आता मला कोण तोरण बांदू देनार? म्हटलं, अक्षरांवरच बांदावं."

ती हे हसून बोलली. धाकूला रडू आलं आणि त्यानं डोळ्यांत भुसा गेल्याचं निमित्त केलं.

मग काम सुरू झालं. ती भुशातलं अक्षर कोळशानं कागदावर उतरवायची, तो कागद लाकडावर पालथा घालून घासायचा, की लाकडावर अक्षर उलटं उमटायचं आणि त्यावरून पटाशी चालायची. पहिलं अक्षर कोरून झालं तेव्हा कमळानं ते उचललं, उलटं केलं आणि बारकी पटाशी मागितली. अक्षराच्या पायाला, जिथं शाई कधी लागत नाही तिथं, तिनं तीन पाकळ्यांचं कमळ कोरलं. धाकूचं कमळ मचव्याच्या पाठीवर आणि तिचं अक्षराच्या पायाशी. छापताना दिसणार नाही ना, असं तिनं दोनदा विचारलं, आणि पाय कधी छापत नाहीत असं धाकूनं तिला सांगितलं. त्यानंतर एकही अक्षर कमळाशिवाय घराबाहेर पडलं नाही.

हळूहळू ती गुणगुणू लागली. मागून घेऊन जेवू लागली. एक दिवस मथुरेशी चिंचेच्या बुटकावरून कडाकडा भांडली, तेव्हा गोदानं देवापुढे साखर ठेवली.

जाहिरातींनंतर दाजींनी लग्नपत्रिकांसाठी त्याच वळणाची अंगठ्याएवढी लहान अक्षरं करून घेतली. वर मधोमध 'शुभविवाह' तोरण टाइपात, खाली बाकी मजकूर नेहमीच्या शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे तयार टाइपांत. मग काय, गावात तोरणाशिवाय पत्रिका म्हणजे मोदकाशिवाय चतुर्थी झाली. छापताना बिघडलेल्या पत्रिका धाकू घरी आणायचा आणि कमळा त्या गुडघ्यांवर ठेवून कितीतरी वेळ बघत बसायची.

"बाबा," ती एकदा म्हणाली, "आता गावात एकपन लगीन माज्याबिगर होत नाय."

धाकूला हे पोटात ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सुख पचवणं दुःख पचवण्यापेक्षा अवघड. एका नव्या मचव्याला पाण्यात लोटलं त्या दिवशी खाडीवर जेवण होतं, प्यायला माडीही होती, आणि जो तो मेस्त्रीच्या अक्षरांची तारीफ करत होता. त्याची छाती भरून आली. तो म्हणाला की अक्षरं माझी नव्हेत, आमच्या कमळीची आहेत. खाली तिचं कमळ आहे, बघा जाऊन. लोकांनी माना डोलावल्या. खाडीकाठी सांगितलेली गोष्ट मचव्यात बसून बंदरोबंदर जाते, हे जन्मभर मचवे बांधणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी मथुरेचं लग्न ठरलं, राजापूरकडच्या नाटे गावच्या सुतारांकडे. मुलगा मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात, त्याला छापील पत्रिका हवी. धाकूनं कमळाला सांगून टाकलं की तुझ्या बहिणीची पत्रिका तुझ्याच अक्षरांत निघेल. तिनं त्यासाठी सगळी लहान अक्षरं छापखान्यातून घरी आणवली, तेलाच्या चिंधीनं पुसली आणि परत पाठवली. लग्नातलं दुसरं कुठलंच काम तिच्या वाट्याला येणार नव्हतं, आणि तिनं ते मागितलंही नाही.

पत्रिकेचा मजकूर ठरवायला मुलाचा चुलता केरू मेस्त्री नाट्याहून आला. सरळ माणूस, पण सरळ माणसं कधी कधी फार जड जातात. चहा झाला आणि त्यानं विषय काढला. आमच्याकडे पहिली पत्रिका ग्रामदेवीपुढे ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावात बोललं जातंय की ही अक्षरं तुमच्या थोरलीच्या हातची. कपाळ पांढरं असलेल्या बाईच्या हातचं शुभविवाह देवीपुढं कसं ठेवायचं? खरं असेल तर खरं सांगा, मी रागावणार नाही. पण शुभकार्याला असा हात लावू देणाऱ्या घराशी सोयरीक मग आमच्याच्यानं व्हायची नाही.

आत माजघरात मथुरेच्या मैत्रिणी तिची थट्टा करत होत्या, त्यांचं हसू बाहेर ऐकू येत होतं. कमळाला धाकूनं पाहुणे यायच्या आधीच विहिरीवर पाठवलं होतं, एवढंच त्याला बरं वाटलं. तो म्हणाला, लोकांचं काय, लोक काहीही बोलतात.

केरूनं उठून कोपऱ्यातला लाकूड तासायचा वाकस आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. सुताराची शपथ देवळात होत नाही, ती वाकसावर होते. ज्या हत्यारावर पोट भरतं त्याच्यावर हात ठेवून खोटं बोलणारा सुतार अजून जन्माला आला नाही, असं त्यांच्यात म्हणायची पद्धत होती. तो त्या दिवशी जन्माला आला.

"अक्षरं माज्या हातची," धाकू वाकसाच्या पात्यावर तळवा ठेवून म्हणाला. "तिचं बोटसुदीक लागलेलं नाय."

केरूनं समाधानानं हात जोडले. फक्त उठता उठता म्हणाला, की त्या अक्षरांखाली कसलंसं कमळ असतं असंही लोक बोलतात. उद्या दुपारी मजकूर द्यायला छापखान्यात जायचंच आहे, तेव्हा एखादं अक्षर उलटून बघेन, म्हणजे घरच्या बायकांचीही तोंडं बंद होतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू काखेत रंधा मारून छापखान्यात गेला. दाजी कोर्टात गेले होते. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं ओळखीच्या माणसाला काही न विचारता लहान अक्षरांची पेटी काढून दिली. धाकू छापखान्याच्या ओटीवर बसला आणि एकेक अक्षर उलटं करून त्याचा पाय तासू लागला. रंध्यातून पातळ सालपं निघत होती आणि एकेका सालपावर अर्धीमुर्धी पाकळी येत होती. ती सगळी त्यानं खांद्यावरच्या पंच्यात गोळा केली, एकही खाली पडू दिलं नाही, आणि जाताना खाडीत सोडली. वाटेत तो स्वतःला समजावत होता. वरचं अक्षर तर तिचंच राहिलं, खालचं कोण बघतंय. मथुरेचं लग्न एकदा पार पडू दे, मग पुन्हा कोरून घेऊ, तिला कळणारसुद्धा नाही. गळ्याशी आलं की माणूस असंच बोलतो.

दुपारी केरूनं पत्रिकेची दोन अक्षरं उलटून पाहिली, पाय कोरे होते. त्यानं मजकूर दिला आणि संध्याकाळच्या बोटीनं तो राजापूरकडे गेला.

पण मचव्याची फळी केसभर कमी पडली तर सांध्यात कापूस ठोकून भागतं. छापखान्यात तसं भागत नाही. तिथं सगळी अक्षरं एका उंचीची लागतात. पाय तासलेली तोरणाची अक्षरं शिशाच्या खिळ्यांपेक्षा खुजी झाली, शाईचा रूळ त्यांना नीट टेकेना, आणि पत्रिकेवर खालचा मजकूर ठसठशीत तर 'शुभविवाह' पुसट, तुटका, कुणी ओल्या हातानं पुसून काढल्यासारखा उमटला. दाजींनी कपाळावर हात मारला. पाय कुणी तासले हे जुळाऱ्यानं सांगितलं, का तासले हे दाजींना कळेना. त्यांनी पेटी आणि बिघडलेल्या पत्रिका गडीमाणसाच्या डोक्यावर देऊन धाकूच्या घरी पाठवल्या. निरोप असा की मेस्त्रींनी पायांखाली कागद चिकटवून उंची पुरी करून द्यावी, नाहीतर मी ही पत्रिका साध्या टाइपात छापतो.

धाकू तेव्हा खाडीवर होता. पेटी कमळानं उतरवून घेतली.

तो उन्हं कलताना घरी आला तर ती पडवीत बसली होती. शेजारी वाडग्यात खळ होती. सगळी अक्षरं तिनं पाय वर करून ओळीनं मांडली होती. बिघडलेल्या पत्रिकांच्या ती पट्ट्या कापत होती आणि एकेका पायाला खळ लावून पट्टी चिकटवत होती, वरून अंगठ्यानं दाबत होती. धाकू दारातच थबकला. तिनं विचारलं असतं तर तो तिथंच तिच्या पाया पडला असता. तिनं विचारलं नाही.

"दोन पदर लावले की उंची येईल, बाबा," ती म्हणाली. "उद्या सुकल्यावर न्या."

आतून जात्यावरच्या ओव्या ऐकू येत होत्या. मथुरेची हळद दळायला शेजारणी जमल्या होत्या. धाकू बरं म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. त्या एका 'बरं'ची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली.

पत्रिका सुरेख निघाल्या. पहिली नाट्याच्या देवीपुढे गेली, गाऱ्हाणं झालं, देवी काही कोपली नाही. लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात आंब्याचं तोरण मथुरेच्या मावशीनं बांधलं. कमळा मागच्या अंगणात भाताच्या हंड्यांपाशी होती, आणि वऱ्हाड निघालं तेव्हा ती बहिणीला निरोप द्यायला पुढे आली नाही.

त्यानंतर दाजींनी आणखी मोठ्या मापाची अक्षरं मागितली. धाकू आशेनं कमळाकडे गेला. ती म्हणाली, मला कुठं येतं, बाबा. टोमणा असता तर त्यानं आनंदानं सोसला असता. तो टोमणा नव्हता. तिनं ते तसंच ठरवून टाकलं होतं. मग त्यानं स्वतः काढायचा प्रयत्न केला आणि दाजींना नेऊन दाखवला. दाजी चष्मा पुसत म्हणाले, मेस्त्री, हे तोरण नव्हे, ही दांडीवर वाळत घातलेली धोतरं. पडवीतला भुसा कमळा रोज झाडून टोपलीत भरायची. त्यातली चिमूट तिनं पुन्हा कधी उचलली नाही. घरात तिचं वागणं पूर्वीसारखंच होतं. बापाला ती वेळेवर जेवू घालायची, त्याचे पाय दुखले तर तेल लावायची, आणि त्या तेल लावण्यानं धाकूला रात्र रात्र झोप यायची नाही.

वर्षं गेली. बोलपट आले, त्यांच्या रंगीत जाहिराती मुंबईहूनच छापून येऊ लागल्या. दाजींनी पुण्याहून शिशाचे नवे टाइप आणले आणि अडगळ कमी करताना तोरणाच्या लहान अक्षरांची पेटी धाकूकडे परत धाडली, तुमची वस्तू तुमच्याकडे असू द्या म्हणून. त्याच दिवसांत मथुरा बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती.

धाकूचे हात आता थरथरत होते, मचव्यांची कामं सुटली होती. पेटी पडवीत ठेवून तो तिच्यापुढे बसला. मग एक विचार आला आणि तो त्याला सोडीना. कागद चिकटवायच्या आधी कमळीनं खाली पुन्हा कमळ काढलं असेल. पटाशीनं नाही तर कोळशानं, नखानं, कशानंही. बापाला कळू नये म्हणून वरून कागद लावला असेल. तिची सवय होती ती. त्यानं एक अक्षर घेतलं, पाय पाण्यात बुडवला आणि कागद अलगद सोलला. खाली लाकूड कोरं होतं. दुसरं सोललं, तेही कोरं. मग तो भराभरा एकेक सोलत गेला. ओले कागद त्याच्या पायांशी साचले, त्यांवर पुसट 'शुभविवाह'चे तुकडे दिसत होते, आणि प्रत्येक अक्षराचा पाय त्यानं तासला होता तसाच गुळगुळीत होता. तिनं काहीही काढलं नव्हतं. धाकू लहान मुलासारखा रडला.

पाचोळा घ्यायला कमळा पडवीत आली. बाळाच्या न्हाण्याचं पाणी तापवायचं होतं आणि चूल धुमसत होती. तिनं बापाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि खाली बसून अक्षरं पदरात गोळा करू लागली. शिवणीचं लाकूड चांगलं पेटतं, असं काहीसं म्हणाली.

"नको, कमळे," धाकूनं तिचं मनगट धरलं. "ती जाळू नको. ती तुजी हायत."

इतक्या वर्षांनी का होईना, तो बोलला होता. कमळानं हात सोडवून घेतला नाही. ती त्याच्याकडे अगदी मायेनं बघत होती, आणि तेच त्याला सोसवेना.

"माजी कशी, बाबा?" ती म्हणाली. "तुमी वाकसावर हात ठेवलात तेवा मी दाराआड व्हते. इहिरीवर गेलेच नव्हते. सुतार वाकसावर खोटं बोलत नाय."

धाकूची बोटं आपोआप सुटली. आतून मथुरेनं हाक मारली, पाणी झालं का ग ताई. कमळानं राहिलेली अक्षरं वेचली, पदर सावरला आणि ती न्हाणीकडे गेली. लाकूड जुनं होतं, मुरलेलं होतं, त्यात वर्षानुवर्षांची शाई होती. पाणी लवकर तापलं.